मुलुंडला थांबून म्हटलेले पाच इस्पिक

मी मुलुंडला गेले ती मुंबई बघायला नव्हे. मास्तरीणबाईंना परत आणायला गेले होते. आणता आलं नाही. इथल्या बायका विचारून विचारून दमल्या आणि मी 'त्यांना तिकडची हवा मानवली' असं सांगून दमले. हवेचा काही संबंध नाही. काय झालं ते एकदाच लिहून टाकते.

आमची वसाहत धरणाची. माझा नवरा साहेबलोकांच्या क्लबात शिपाई होता आणि मी तिथे चहा-भजी करायची. माझी शाळा चौथीपर्यंत. इंजिनियरांच्या बायका दुपारी क्लबात ब्रिज खेळायच्या. त्याला चार माणसं लागतात. एकदा त्यांच्यातली चौथी बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा शाळेच्या मास्तरीणबाई, इंदुमतीबाई, मला म्हणाल्या, "चंद्रा, तुला पत्ते ओळखता येतात का गं?"

मी म्हटलं, "ओळखता येतात. आणि तुम्ही आत्ता कशा हरलात तेही सांगता येतं."

त्या दिवसापासून बाई माझ्या भिडू. वीस वर्षं. बाई माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण त्या मला तू म्हणायच्या आणि मी त्यांना तुम्ही. पत्ते हातात आले की मात्र उलटं. तिथे मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं.

हे कसं ते थोडं समजावते, नाही तर पुढचं कळायचं नाही. ब्रिजमध्ये खेळायच्या आधी बोली होते, तोंडी. आपण तेरापैकी किती हात करू आणि हुकूम कुठला, ते बोलायचं. पहिले सहा हात धरलेलेच असतात, म्हणून पाच म्हटलं की अकरा हात आणि सहा म्हटलं की बारा. बारा हात करीन म्हणून बोललात आणि केलेत की मोठं बक्षीस. पण त्यासाठी चारही एक्के कुणाकडे आहेत ते आधी कळायला हवं. म्हणून एक पद्धत आहे. चार नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी चार, असं म्हणायचं. तो खेळ खेळायचा नसतो, तो समोरच्या भिडूला विचारलेला प्रश्न असतो: तुझ्याकडे एक्के किती? त्यानं पाच किलवर म्हटलं तर एकही नाही, पाच चौकट म्हटलं तर एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. मग पुढे जायचं की थांबायचं ते विचारणाऱ्यानं ठरवायचं. सांगणाऱ्यानं सांगितलं की त्याचं काम संपलं. पद्धतीला कुणा साहेबाचं नाव आहे. मला ते कधी नीट बोलता आलं नाही. आम्ही 'एक्के विचारणं' म्हणतो.

आमच्या टेबलावर विचारायची मी आणि सांगायच्या बाई.

बाईंचा मुलगा अविनाश मुलुंडला बँकेत. बाईंचे यजमान गेल्यापासून त्याचा एकच धोशा, आई, तिकडे पावसात एकटी कशाला कुजतेस, इकडे ये. बाई माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. भिंत एक. एकटी कसली? पण मुलाला कोण सांगणार. मग त्यानं कळवलं की मुलुंडला बायकांच्या जोड्यांची ब्रिजची स्पर्धा आहे, तुम्ही दोघी या. बाई म्हणाल्या, "चल, खेळून येऊ. करमलं तर राहीन. नाही करमलं तर तुझ्याबरोबर परत."

मी मनात म्हटलं, कसं करमतं ते बघते.

मुलुंड

अविनाशचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक बाल्कनी, तिच्यात धुणं, कुंड्या आणि पाण्याचं पिंप. पाणी सकाळी ठरल्या वेळी येतं. इकडे आमच्या दारात अख्खं धरण, आणि तिथे सून नीला पहाटे उठून पिंप भरते. मला तिची दया आली. सून चांगली आहे, उगीच नावं ठेवणार नाही. तीही नोकरी करते.

दार मात्र तिथे सारखं लावलेलं. आमच्याकडे दुपारी दार लावलं तर माणसं विचारायला येतात, आजारी आहे का. तिथे उघडं राहिलं तर विचारतात, चोरी झाली का. दाराला लॅच म्हणून प्रकार असतो. दार नुसतं ओढलं गेलं की कुलूप. हे मला कुणी सांगितलं नाही. पहिल्याच सकाळी अविनाश-नीला कामावर गेले, बाई आंघोळीला गेल्या, आणि मी भज्यांचं पीठ भिजवताना केर टाकायला म्हणून बाहेर आले. मागे खट्ट झालं. मी बाहेर, हात पिठात. बेल दाबली तर बटणाला पीठ. बाईंना नळाच्या आवाजात काही ऐकू जाईना.

समोरच्या गुजराती बाईनं फटीतून पाहिलं आणि दार उघडलं. "अरे मावशी, अंदर आवो ने! ऐसा क्या खडे रहेनेका?" तिनं माझे हात धुतले, ताक दिलं, थेपले दिले. त्यांना मेथीचा वास होता, बरोबर गोड लोणचं. लोणचं गोड कशाला करावं ते मला कळलं नाही, पण दोनदा घेतलं. मला वाटत होतं, मुंबईत कुणी कुणाला विचारत नाही असं बाईंना सांगता येईल. ते पहिल्याच दिवशी फुकट गेलं.

खाली वॉचमन होता तो कोकणातला. संपात त्याची गिरणी गेली, तेव्हापासून खुर्ची टाकून फाटकाशी बसतो. मी त्याला विचारलं, "इथे मासे कुठे मिळतात रे?" तो म्हणाला, "आजये, ह्या बिल्डिंगीत माशाचा नाव काडू नको. ताजो बोंबील बघूचो तर खारदांड्याक जा." मी ते लक्षात ठेवलं.

दुपारी बाई आणि मी सरावाला बसलो. दोघींतच वाटून, चारही हात मांडून. बाई खुशीत होत्या. म्हणाल्या, "चंद्रा, उद्या पार्ल्याला जायचं. माझी ट्रेनिंग कॉलेजमधली मैत्रीण आहे, शशी. तीही या स्पर्धेत आहे. तीस वर्षांत भेटलो नाही."

त्या शशीबद्दल वीस वर्षांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

पवईवरून पार्ल्याला

बस पवईवरून अंधेरीकडे जाते. वाटेत डोंगर आहेत, झाडी आहे, आणि मोठी इंजिनियरिंगची शाळा आहे. तलाव आला तशी बाई म्हणाल्या, "बघ, केवढा तलाव."

मी म्हटलं, "एवढ्या पाण्याला आमच्या धरणाचा एक दरवाजासुद्धा उघडावा लागायचा नाही."

पुढच्या बाकावरचा माणूस वळून म्हणाला, "आजी, हे पाणी प्यायचं नाही. नुसतं बघायचं."

"मग ठेवलंय कशाला?"

"बघायला," तो म्हणाला. बसमध्ये चारजण हसले. मुंबईचा माणूस उत्तर हातात धरूनच बसलेला असतो. हे मला आवडलं.

पार्ल्यात उतरलं की बिस्किटांचा वास येतो. गोड, भाजलेला. रस्ते अरुंद, पण घरांपुढे झाडं आहेत आणि चार दारांआड एका दारातून पेटी ऐकू येते. शशीताईंचं घर तळमजल्यावर. चष्मा गळ्यात साखळीला लावलेला, केस कापलेले, आवाज खणखणीत. दोघी मैत्रिणी दारातच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. बाईंनी कुणाचा असा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग शशीताईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ह्या?"

बाई म्हणाल्या, "ह्या चंद्राबाई. आमच्या क्लबात चहा करायच्या. आता माझ्याबरोबर खेळतात."

यात खोटं काय? काही नाही. चहा मी केला आहे, हजारो कप. पण वीस वर्षं समोर बसलेल्या बाईची ओळख करून देताना पहिला चहाच का आठवावा, हे मला लागलं. 'ही माझी भिडू' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी सुरळीच्या वड्या खाल्ल्या. वड्या चांगल्या होत्या, तेही सांगितलं नाही.

पत्त्यांचं बोलणं निघालं. शशीताई म्हणाल्या, "इंदू, इथे फार कडक असतं हं. बोलीला वेळ लावला आणि पुढे काही वेडंवाकडं झालं, तर लगेच डायरेक्टर बोलावतात."

"डायरेक्टर कोण?" मी विचारलं.

"स्पर्धेचा पंच."

"विचार करायला बंदी आहे का?"

"नाही हो. विचार करा. पण तुम्ही विचार केलात, हे हिनं ऐकायचं नाही."

"समोर बसून? बहिरं व्हायचं?"

"तेवढ्यापुरतं बहिरं व्हायचं," शशीताई म्हणाल्या आणि हसल्या. बाईही हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी मनात म्हटलं, असेल काहीतरी शहरी सोवळं, आणि सोडून दिलं. तिथेच नीट विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मी रागात होते.

खारदांडा

दोघींना जुन्या गोष्टी बोलायच्या होत्या. मी म्हटलं, मी मासे बघून येते. शशीताईंनी बस सांगितली.

खारदांडा ही जागा मला सगळ्या मुंबईत बरी वाटली. समुद्र अगदी घराशी. बांबूच्या माचांवर बोंबील वाळत घातलेले, जबडे एकमेकांत अडकवून, ओळीनं. होड्या वाळूवर आडव्या, जाळी विणत बसलेले म्हातारे. तिथे दारं उघडी होती. एक कोळीण टोपली निवडत होती. मी बराच वेळ उभी राहिले तशी म्हणाली, "बघून पोट भरतं का, म्हातारे?"

मी म्हटलं, "वास घेऊन निम्मं भरलं."

"मग निम्म्याचे घे!"

मी सुक्या बोंबलांची जुडी घेतली. मग तिच्या पायरीवर बसले. तिचा नवरा बाहेर होडीवर, मुलगा कुठल्याशा कारखान्यात. तिनं विचारलं, कुणाकडे आलीस? मी म्हटलं, "भिडूबरोबर आलेय." ती म्हणाली, भिडू म्हणजे? मी म्हटलं, पत्त्यातली. ती एवढी हसली की टोपली कलंडली. "या वयात पत्ते खेळायला मुंबईला आली? झकास!"

त्या जुडीनं मुलुंडला गोंधळ केला. नीलाचं घर शाकाहारी. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली होती, पण वास काही तळाशी राहत नाही. नीला स्वयंपाकघरातून नाकाला पदर लावून आली, "आई, गॅस लीक होतोय का?" अविनाश सिलिंडर हुंगायला लागला. मी म्हटलं, "गॅस नाही, बोंबील आहेत. खिडकी उघडा." शेवटी जुडी डालड्याच्या डब्यात बंद करून डबा बाल्कनीत, पिंपामागे.

बाई खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "चंद्रे, तू काही सुधारायची नाहीस."

त्यानंतर त्या माझ्याशी हसलेल्या मला आठवत नाही.

मुलुंड, हॉल

स्पर्धा रविवारी एका मंडळाच्या हॉलमध्ये. दहा-बारा टेबलं, प्रत्येकाला नंबर. मला वाटलं होतं बायका जमल्यात म्हणजे कलकलाट असेल. तर देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता. नुसते बोलीचे आवाज. एक इस्पिक. पास. दोन बदाम. पास. आमच्याकडे बोली चालू असताना भज्यांची ताटली फिरते, कुणाच्या सुनेचं कुठवर आलं ते निघतं. तिथे कुणी खोकलं तरी रुमाल लावून.

सकाळी आम्ही चांगलं खेळलो. जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर आमची जोडी दुसरी होती. अविनाश बघायला आला होता, त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंचा चेहरा असा झाला होता की मी मनातला चहा विसरायला निघाले होते. पुरी-भाजी खाताना त्या हळूच म्हणाल्या, "चंद्रा, नंबर आला तर कप आपल्या क्लबात ठेवू."

आपल्या क्लबात. म्हणजे परत यायचं ठरत होतं.

दुपारी शशीताई आणि त्यांची घाटकोपरची भिडू आमच्या टेबलावर आल्या. दुसऱ्या डावाला माझ्याकडे भारी पानं आली. सहा इस्पिक, वर एक्का-राजा. बदामाचे एक्का-राजा-राणी. मी एक इस्पिक म्हटलं. बाईंनी उडी मारून तीन इस्पिक म्हटलं, म्हणजे त्यांच्याकडेही भारी होतं. मी चार नो ट्रम्प म्हटलं. बाई म्हणाल्या, पाच चौकट. म्हणजे एक एक्का.

माझे दोन, त्यांचा एक. चौथा बाहेर. बारा हात करायचे तर त्या बाहेरच्या एक्क्याचा तेवढा एक हात द्यायचा आणि बाकी सगळं आपलं हवं. माझ्याकडे किलवरची दोन भिकार पानं होती. बाईंचा एक्का किलवरचा असला तर काळजी नाही. चौकटचा असला तर मग त्यांच्याकडे किलवरचा राजा तरी हवा. या पद्धतीत एक्के किती ते कळतं, कुठले ते कळत नाही, आणि राजाचं तर काहीच कळत नाही. मी विचार करत बसले. चहाला उकळी येईल एवढा वेळ गेला असेल. मग म्हटलं, "पाच इस्पिक."

म्हणजे थांबा. कायद्यानं बाईंनी पास म्हणायचं होतं.

बाई म्हणाल्या, "सहा इस्पिक."

यात मला काही वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. आमच्याकडे तसंच चालायचं. मी चटकन पाच म्हटलं की थांबायचं, आणि थांबून पाच म्हटलं की चंद्राच्या मनात सहा आहे, पण एक शंका आहे. बाईंकडे त्या शंकेचं उत्तर असलं तर त्यांनी सहा म्हणायचं. असं कुणी ठरवलं नव्हतं. भाकरी कधी उलटायची ते हाताला जसं कळतं तसं वीस वर्षांत बसत गेलं होतं. वसाहतीत सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी कधी हरकत घेतली नाही.

शशीताईंनी किलवरचा एक्का टाकला. बाईंनी पानं मांडली. चौकटचा एक्का आणि किलवरचा राजा. एक हात शशीताईंचा, बाकी बारा आमचे.

घाटकोपरच्या बाईनं पत्ते खाली ठेवले आणि हात वर केला. "डायरेक्टर!"

सगळा हॉल वळला. पंच आले, बारीक चणीचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं. मग बाईंकडे वाकून हळू विचारलं, "पाच इस्पिक म्हणताना तुमच्या भिडूनं वेळ घेतला होता का?"

बाईंनी पत्त्यांकडे पाहिलं. अविनाश मागे उभा होता. शशीताई गळ्यातली साखळी धरून बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मला..."

आणि मी बोलले. "घेतला. नेहमीच घेते. मी थांबून पाच म्हटलं की ह्यांनी सहा म्हणायचं, चटकन म्हटलं की गप्प बसायचं. वीस वर्षं आम्ही असंच खेळतो."

कुणीतरी हसलं. कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. घाटकोपरची बाई म्हणाली, "बघा. स्वतःच सांगतायत." शशीताईंनी बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. तेच वाईट झालं. त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं.

पंच म्हणाले, डाव पाच इस्पिकचा धरला जाईल, आणि अशी समजूत ठेवून खेळता येत नाही. शांतपणे म्हणाले. आम्ही उरलेले डाव खेळलो. बाईंनी प्रत्येक बोली तत्काळ दिली, एका सुरात, फळ्यावरचं वाचून दाखवावं तशी. दोन वेळा मी थांबले, दोन्ही वेळा त्यांनी पास म्हटलं. नंबर आला नाही.

तिसऱ्या मजल्याची गच्ची

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. मी मागोमाग गेले. तिथून डोंगर दिसतात. आमच्याकडच्यापेक्षा बुटके.

मी म्हटलं, "बाई, मी खरं तेच बोलले."

"मी कुठे म्हटलं खोटं बोललीस?"

"मग बोलत का नाही माझ्याशी?"

त्यांनी चादर झटकली. "मी सांगणारच होते, चंद्रा. हो, तिनं वेळ घेतला, माझ्या ध्यानात आलं नाही, माझं चुकलं. एवढंच. त्यांनी डाव बदलला असता आणि विषय मिटला असता. मला दोन क्षण हवे होते. तू ते दिले नाहीस. तू वीस वर्षांचं गाठोडं सोडलंस, शशीसमोर, माझ्या मुलासमोर. आता मी जिंकलेला प्रत्येक डाव चोरीचा झाला."

"चोरी कसली? आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं."

"मला नव्हतं ठाऊक," बाई म्हणाल्या. "मी आपली खेळत होते. मला वाटायचं, मला तुझं मन कळतं."

मी बादलीतला पुढचा कपडा काढून त्यांच्या हातात दिला.

मग त्यांनी विचारलं, "तू का बोललीस पण? तुला विचारलं नव्हतं."

मला उत्तर ठाऊक होतं. वसाहतीत मला सगळे म्हणतात, चंद्राबाई फटकळ, पण खरं बोलते. त्या दिवशी मी खरं बोलले ते खरेपणासाठी नव्हे. शशीताईंच्या घरात बाईंनी माझ्याबद्दल एक खरी गोष्ट सांगितली होती. मी त्यांच्याबद्दल एक सांगितली. तोंड उघडलं तेव्हा मला हे पक्कं कळत होतं. पत्ते हातात असले की मी चहाला उकळी येईपर्यंत थांबणारी बाई. तिथे एक श्वासभर थांबले नाही.

हे त्यांना गच्चीवर सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्याच्या एसटीचं बघायला हवं."

"तुम्ही जा, चंद्राबाई," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही. "मी राहीन म्हणते इथे."

"करमेल?"

"माहीत नाही. पण तिथे येऊन रोज दुपारी तुमच्यासमोर बसायचं, आणि तुम्ही जरा थांबलात की मी काय करायचं? ऐकलं नाही असं दाखवायचं? ते मला जमायचं नाही."

मी चिमटे दिले, त्यांनी कपड्यांना लावले. बादली मी खाली आणली.

परत

निघताना नीलानं दशम्या आणि चटणी बांधून दिली. वॉचमननं पिशवी फाटकापर्यंत आणली, म्हणाला, "आजये, बोंबील घेतलंस ना?" बोंबील राहिले बाल्कनीत. अविनाश एसटीपर्यंत आला. चांगला मुलगा. तो म्हणाला, "मावशी, आईनं मनावर घेऊ नये इतकं. खेळच आहे." मी म्हटलं, हो. खेळच आहे असं म्हणणारा माणूस खेळत नसतो.

बाईंची खोली मीच रिकामी करून दिली. सामान ट्रकनं गेलं. क्लबात आता तिघी उरलो आणि चौथी मिळत नाही. नव्या इंजिनियरांच्या बायकांना टीव्ही आहे.

गेल्या महिन्यात बाईंचं पत्र आलं. अक्षर तेच, फळ्यावरच्यासारखं. तिकडे पाणी जास्त वेळ येऊ लागलंय, गुजराती शेजारीण माझी आठवण काढते, वगैरे. खाली लिहिलं होतं की दर बुधवारी पार्ल्याला शशीताईंकडे खेळायला जातात. सगळं नव्यानं शिकावं लागतंय. 'शशी म्हणते, इंदू, हात तुझा भारी असला की तू विचार. तेव्हा आता चार नो ट्रम्प मीही म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज फुटेना.'

ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि आठवून पाहिलं. माझं डोकं याबाबतीत पक्कं आहे, जुने डावसुद्धा पानोपान आठवतात. वीस वर्षांत बाईंनी मला एकदाही एक्के विचारले नव्हते. त्यांचा हात माझ्याहून भारी असायचा तेव्हासुद्धा मीच घाईनं विचारून टाकायची. त्यांना कधी विचारायचं असेल, असं माझ्या मनातच आलं नाही.

त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. किती आहेत ते.